दोन वळसे, जास्त नाही

कोजागरी झाली की आमच्या घरात आधी चकलीचा नव्हे, नागरमोथ्याचा वास सुरू व्हायचा. मातकट, किंचित कडवट, आणि एकदा नाकात बसला की भाऊबीजेपर्यंत न जाणारा. आजी सोप्यात पाट टाकून बसायची आणि समोर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर एकेक पुडी सोडायची. वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ, मसुराची डाळ, गेल्या हिवाळ्यात खाल्लेल्या संत्र्यांच्या वाळवून ठेवलेल्या साली, देवाला वाहिलेल्या गुलाबांच्या पाकळ्या. चंदन मात्र देवघरातून शेवटी यायचं, तेही चिमूटभर. “वासाला नागरमोथा, रंगाला आंबेहळद आणि नावाला चंदन,” असा तिचा उटण्याचा हिशेब होता.

कुटायचं काम आमच्याकडे. नागरमोथ्याच्या गाठी खलबत्त्यात उड्या मारतात, वाळा तर कुटला जातच नाही, नुसता चिवटपणे दबतो. म्हणून तो आधी कात्रीनं बारीक कापून उन्हात कडक करायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. हात दुखले की आपोआप कळलं. मग चाळण, मग आईच्या जुन्या वॉयलच्या पातळाचा तुकडा आणि वस्त्रगाळ पूड. वर उरलेला चोथा फेकायचा नाही. तो विस्तवावर धूप म्हणून चालायचा.

घर सांगलीच्या गावभागातलं. पुढं ओटा, मधे सोपा आणि माजघर, मागं परसू. न्हाणीचं पाणी वाहत जाऊन जिथवर पोचेल तिथवर आजीचं राज्य. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू, पुढं गवती चहाचं दांडगं ठोंब, भिंतीच्या सावलीत ब्राह्मी पसरलेली, कुंपणाला मेंदी आणि अडुळसा, कडुलिंबावर चढलेली गुळवेल. कोरफड दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली, मातीपाण्याशिवाय जगून दाखवणारी. माका कुणी लावलेला नव्हता. तो ओल मिळेल तिथं स्वतःच यायचा. आजीच्या मते लावावी लागते ती शोभेची झाडं. औषधाची आपण होऊन येतात, आपण फक्त उपटू नयेत.

अडुळशाला कुंपणात जागा मिळाली ती शेळ्यांमुळं. शेळी त्याला तोंड लावत नाही, इतका तो कडू. खोकला झाला की त्याचीच पिकली पानं, मिरी, ज्येष्ठमध आणि खडीसाखर घालून पाणी निम्मं होईपर्यंत आटायचं. तो काढा पाजताना घरात जो तमाशा व्हायचा त्यात आमच्या धाकट्या काकाचाही समावेश असे, आणि तो तेव्हा बँकेत नोकरीला होता. पुढं कधीतरी वाचनात आलं की अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं आणि खोकल्याच्या औषधात मिळणारं ब्रोमहेक्सीन त्याच्यावरूनच बेतलेलं आहे. म्हणजे कफ पातळ करायला डॉक्टर जी बाटली लिहून देत, तिची आज्जी आमच्या कुंपणात उभी होती. पण दिवस गेलेल्या बाईला आजी अडुळसा देत नसे. शेजारची सून मागायला आली तर तिला गवती चहा आणि आलं देऊन परत पाठवायची. व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं ही गोष्ट तिला कुठल्या नावानं माहीत होती कोण जाणे, माहीत होती खरी.

हळदीचं वेगळं सांगायला हवं, कारण आजीचं माहेर हरिपूर. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात ते गाव. तिथं हळद कोठारात नव्हे, जमिनीखालच्या पेवात ठेवत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, खोली पुरुषभर दोन पुरुष, कडेनं पाचट लावायचं, हळकुंडं भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणसं वर बिड्या ओढत गप्पा मारत बसत. आजीचे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यामुळं हळकुंड हातात घेऊन ती दोन बोटांत मोडायची, मोडताना होणारा आवाज ऐकायची आणि आतला रंग बघून दुकानदाराला काय ते सुनवायची. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचा चिखल झाला, ते बघायला ती नव्हती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही तिनं पाहिलं नाही. पण मानांकन देणाऱ्यांनी तिला विचारलं असतं तर तिनं आधी हळकुंड मोडून बघितलं असतं.

हळदीचा आमचा आवडता खेळ साबणाचा. परकरावर पिवळा डाग पडला की त्याला धुण्याचा साबण लावायचा, डाग लालभडक! आई ओरडायची, आजी नाही. “उन्हात टाक, जाईल,” एवढंच म्हणायची, आणि दोन-तीन उन्हांत तो जायचा. हळदीतलं कर्क्युमिन खाराशी गाठ पडली की लाल होतं आणि उन्हात फिकं पडतं. हळदीपासून कुंकू करणारेही रंगाच्या याच स्वभावावर पोट भरत आले.

खरचटलं, कापलं, की हळद दाबायची. याबाबत १९९५ साली एक गंमत झाली. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनं जखम भरून येते म्हणून चक्क पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या पुढाकारानं त्या पेटंटला आव्हान दिलं गेलं, जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले गेले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली होती. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, “किती हळद घालत होते, ते दिलंय का पेपरात?”

आता याच्याच पोटातली दुसरी गंमत. हळदीपेक्षाही जास्त वेळा आमच्या गुडघ्यांवर जो चोळला गेला तो दगडीपाला. रस्त्याकडेला, कौलांवर, दगडांच्या फटीत उगवणारा, पिवळ्या-पांढऱ्या फुलाचा. चार पानं तळहातावर चुरगाळायची, हिरवा रस जखमेवर पिळायचा आणि पुन्हा खेळायला पळायचं. हा आपला अस्सल देशी पाला मूळचा उष्ण अमेरिकेतला! तिकडून इकडं आला, रुजला आणि आमच्या आज्यांच्या औषधात जाऊन बसला. त्याचं पेटंट कुणी मागितलं नाही.

आजीचं सगळं शास्त्र मात्र खऱ्या अर्थानं सहाणेवर होतं. सहाणा दोन. एक देवाच्या गंधाची, तिला आम्ही हात लावायचा नाही. दुसरी बाळगुटीची. घरात किंवा गल्लीत बाळ आलं की लाल फडक्यातली गुटी बाहेर निघायची: हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, खारीक, बदाम, हळकुंड, काकडशिंगी, अतिविष. प्रत्येकाचं माप वळशांत. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून मुळी गोल फिरवली की एक वळसा. बाळाला पोट साफ होत नसेल तर हिरडा वाढवायचा, मुरडा असेल तर मुरुडशेंग, बाळ रात्रीचं जागत असेल तर जायफळ. “दोन वळसे, जास्त नाही,” हे वाक्य मी लहानपणी इतकं ऐकलंय की जायफळ पाहिलं की आजही आधी तेच आठवतं. मुळी नुसती टेकवून उचलायची त्याला ती “वास दाखवणं” म्हणायची. वेखंडाचा फक्त वास दाखवायचा.

आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको म्हणतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. वेखंडातलं बीटा-असारोन प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरलं. अमेरिकेत तर १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीच्या एकाही बाळाला गुटी मिळाली नाही. तरीही नुसता वास दाखवण्याइतकं ते जपून वापरावं हे त्या बाईला प्रयोगशाळेशिवाय उमगलं होतं, याचं मला नवल वाटतं.

तिला हे सगळं कुठून आलं? काही आईकडून, काही सासूकडून. काही एका पुस्तकातून. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं ‘आर्यभिषक्’ आमच्या फडताळात होतं, पुठ्ठा सुटलेलं, पानांवर तेलाचे डाग. याच पदेशास्त्र्यांनी १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलन उभं केलं. पण आजीच्या लेखी ते फक्त “पुस्तकवाले शास्त्रीबुवा”. त्यांच्याशी तिचे मतभेदही होते. समासात शिसपेन्सिलीनं “फार होते” असं लिहिलेलं दोन-तीन ठिकाणी मी स्वतः वाचलंय.

आणि काही ती वैदिणीकडून शिकली, हे आमच्या घरात मोठ्यानं सांगितलं जात नसे. वर्षातून एकदा, बहुधा सुगीच्या आगेमागे, वैदू लोकांचा तळ गावाबाहेर पडायचा आणि एक बाई खांद्याला झोळी लावून गल्लीत यायची. ओट्याच्या पायरीवर बसून ती मुळ्या मांडायची.

“आक्का, ही बघा खरी मुरुडशेंग. दुकानातली शेंग किडकी असतीया.”

“किडकी नको, पण तुझी तरी गेल्या साली कुठं पिळाची होती?”

मग दोघी एकेक मुळी हुंगायच्या, दाताखाली धरून थुंकायच्या, भांडायच्या. सौदा भाकरी, लोणचं आणि एका जुन्या लुगड्यावर मिटायचा. तिच्याकडून आजीला कळलं की अनंतमूळ ओळखायचं ते पानावरून नव्हे. मुळी खरवडली की जो गोड वास सुटतो त्यावरून. वैदिणीचं नाव आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला ते कुणी विचारलंही नसावं.

रविवारी न्हाणं. आदल्या रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि मूठभर मेथ्या भिजत पडायच्या. सकाळी बंबाशेजारी चुलीवर तो काळा रटरटता रस तयार. फेस जवळजवळ नाही. डोळ्यात गेला की मात्र आरडाओरडा वाड्याच्या पुढच्या दारापर्यंत. हल्लीच्या शिकेकाईच्या बाटल्यांवर डोंगर आणि धबधबे असतात. खऱ्या शिकेकाईची पहिली ओळख म्हणजे ती डोळ्यात जाते.

तेल करायचा दिवस वेगळा. जास्वंदीची फुलं, माक्याचा रस, ब्राह्मी, वडाच्या कोवळ्या पारंब्यांची टोकं, सगळं वाटून खोबरेल तेलात मंद विस्तवावर. सगळी कला ते उतरवायच्या क्षणात. आधी उतरवलं तर पाणी राहतं आणि तेल आठवड्यात खवटतं. नंतर उतरवलं तर करपतं, आणि मग वर्षभर सगळ्या घराच्या डोक्याला करपटलेल्या भाजीचा वास. आजी तळाचा चोथा बोटांत घेऊन त्याची वात वळायची आणि विस्तवावर धरायची. चटचट वाजली की अजून पाणी आहे. न वाजता जळली की कढई खाली. ही परीक्षा जुन्या वैद्यकग्रंथांत जशीच्या तशी दिलेली आहे, फक्त तिथं संस्कृतात आहे. वर तेलावर फेस आला की तेल झालं आणि तुपावरचा फेस बसला की तूप झालं, हेही तिथलंच.

तुपावरून आठवलं ते पायांच्या भेगांचं मलम. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालायचं, तळव्यानं फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. हे शतधौत घृत. मोजायचं काम नातवंडांचं, आणि आम्ही साठाच्या पुढं गेलो की आकडे गाळायला लागायचो, तेव्हा आजी तुपाकडं बघून सांगायची, “अजून ऐंशीसुद्धा झाले नाहीत.” पिवळं कणीदार तूप शेवटी पांढरं, गुळगुळीत, तुपाचा वास हरवलेलं होऊन जायचं. रत्नागिरीची मावशी आली की ती पायांसाठी कोकमाच्या तेलाचे कडक गोळे आणायची आणि आमच्या या शंभर धुण्यांना हसायची. कोकणात ते झाडावरच तयार मिळतं, असं तिचं म्हणणं.

काजळ नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या फडक्याची वात, एरंडेलाचा दिवा, वर पालथी घातलेली काशाची वाटी. सकाळी वाटीत जमलेली काजळी तुपात खलायची, नावाला भीमसेनी कापूर. ते डोळ्यांत झोंबायचं, थंड व्हायचं आणि दुपारपर्यंत गालावर यायचं. दिवाळीच्या जुन्या फोटोंत आम्ही सगळी भावंडं रडून उठल्यासारखी दिसतो ती त्यामुळं.

आजीनं बाजारचं काही वापरलं नाही असं समजून कुणी हळवं होऊ नये. तिच्या ट्रंकेत निळ्या-पांढऱ्या अफगाण स्नोची बरणी होती. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेलं ते स्नो, आणि लग्नाकार्याला आजी ते दोन बोटांनी गालाला लावून मगच बाहेर पडायची. आईच्या आरशापुढं विको आलं. केशव विष्णू पेंढरकरांनी विको १९५२ साली सुरू केली, आणि लॅक्मेही त्याच वर्षीची. एक हळद आणि वनस्पती घेऊन आली, दुसरी लिपस्टिक घेऊन, आणि आईच्या फणीपेटीत दोघी शेजारी शेजारी राहिल्या. आजीनं विकोची ट्यूब हुंगून परत ठेवली. “बरी आहे. कुटायला नको,” असा तिचा अभिप्राय.

तिच्या हाताला गुण होता असं गल्लीत म्हणत. मला वाटतं, गुण होता तो नाही म्हणण्यात. कावीळ, कुत्र्याचा चावा, विंचू, तान्ह्याचा ताप यांत ती पडत नसे. कावीळ उतरवणाऱ्याकडं निघालेल्या एकाला तिनं ओट्यावरून हाक मारून सिव्हिल हॉस्पिटलात पाठवलं होतं. बाकी आजारांना तीन दिवस. तिसऱ्या दिवशी उतार नाही दिसला तर ती स्वतः पदर खोचून डॉक्टरांकडं घेऊन जायची आणि आपण काय काय दिलं ते वळशांसकट सांगायची.

म्हणूनच २०२० आणि २१ मध्ये मला तिची फार आठवण आली. गावोगाव काढ्यांचं पेव फुटलं होतं. मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, गुळवेल, सगळं एकाच पातेल्यात, आणि दिवसातून तीनदा पेलाभर. आमच्या सोसायटीत लोकांना छातीत जळजळ व्हायला लागली, तेव्हा त्यावरही काढाच सुचवला गेला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं; आयुष मंत्रालयानं ते खोडून काढलं; वाद झाला. गुळवेल खरी की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हाही प्रश्न निघाला. आमच्या परसातली गुळवेल आजी अंगठ्याएवढी जाड झाल्याशिवाय तोडत नसे, बोटभर तुकड्याच्या वर वापरत नसे, आणि ताप गेला की बंद. रोज घ्यायची वस्तू तिच्या मते एकच, जेवण.

वाडा आता नाही. जागेवर चार मजली इमारत आहे आणि परसू जिथं होतं तिथं गाड्या लागतात. माझ्या पुण्यातल्या गॅलरीत कुंड्यांत तुळस, गवती चहा, पानओवा आणि कोरफड आहे. अडुळसाही लावला होता, तो कुंडीत रागावूनच राहिला. भाची मुंबईत एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांपूर्वी तिनं मला विचारलं, “मावशी, पणजी कोरफडीचा गर बाटलीत भरून ठेवायची का गं?”

कधीच नाही. गर लागेल तेवढा, लागेल तेव्हा, उरला तर झाडाच्या बुडाशी.

“आणि उटणं?”

कोरडं. पाणी, दूध न्हाणीघरात.

“तेल?”

पाणी जळेपर्यंत कढवून.

ती खूश झाली. तिचं म्हणणं असं की पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले, म्हणून क्रीममध्ये टिकाऊपणासाठी काहीतरी घालावंच लागतं. पणजीनं पाणीच ठेवलं नाही, त्यामुळं तिला काही घालायला लागलं नाही. घरी केलेले कोरफडीचे गर आणि गुलाबपाण्याचे फवारे फ्रीजमध्ये महिनाभर ठेवणाऱ्या तिच्या मैत्रिणींना ती आता हेच ऐकवते.

गेल्या दिवाळीत तिनं उटण्याचं प्रमाण कायमचं लिहून ठेवायचं ठरवलं. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला, वही उघडली आणि माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, खुर्चीत बसवून विचारलं, “आजी, नागरमोथा किती ग्रॅम?”

“मूठभर.”

“तुझी मूठ की माझी?”

आईनं मूठ काट्यावर रिकामी केली. आकडा आला, भाचीनं लिहिला. पडताळा म्हणून पुन्हा एक मूठ. आकडा वेगळा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. भाची सरासरी काढायला लागली तोवर आईनं तिसरी मूठ नाकाशी नेली, त्यातल्या चार गाठी काढून बाजूला टाकल्या आणि म्हणाली, “ह्या पोचट आहेत, ह्यांना वासच नाही. त्या सोडून लिही. आणि कचोरा निम्मा कर, यंदाचा फार उग्र आहे.”

भाचीनं वहीत ‘कचोरा’ लिहिलं, पुढं आकडा घातला, खोडला आणि कंसात लिहिलं: आजीला विचारणे.